शिळे काय, ताजे काय?
आज्ञावलीची बांधणी करणारी साधने आणि त्यांची निवड

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कोणत्याही घरच्या स्वयंपाकघरात डोकावून पाहा. चकलीसाठी भाजणी हवी, भाजणीसाठी तांदूळ आणि डाळी भाजून दळून आणायला हव्यात. करंजीसाठी सारण हवे आणि पारीसाठी भिजवलेला रवा-मैदा हवा. लाडवांसाठी पाक हवा. आता समजा, भाजणी जाडसर दळली गेली आणि चकल्या तुटू लागल्या. अशा वेळी आई काय करते? भाजणी पुन्हा दळून आणते, पीठ नव्याने मळते आणि चकल्या नव्याने तळते. पण झालेले लाडू ती टाकून देत नाही, करंज्याही पुन्हा करीत नाही. कोणता पदार्थ कशावर अवलंबून आहे याचा सारा नकाशा तिच्या डोक्यात पक्का असतो. म्हणून काय नव्याने करायचे आणि काय तसेच ठेवायचे, हे तिला विचार न करताही कळते.

संगणकाची मोठी आज्ञावली तयार करतानाही नेमका हाच प्रश्न येतो. तेथे आईच्या डोक्यातल्या नकाशाचे काम करणाऱ्या साधनाला आपण ‘बांधणी-साधन’ म्हणू. अशी साधने आज डझनावारी उपलब्ध आहेत. त्यांतले कोणते निवडावे, असे विद्यार्थी वारंवार विचारतात. उत्तर देण्यापूर्वी आमच्या प्रयोगशाळेतील एक फजिती सांगतो.

दोन तासिका वाया का गेल्या?

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या एका गटाने साध्या लोलकाचा आवर्तकाल काढणारी आज्ञावली सी भाषेत लिहिली. तिच्या चार फाईली होत्या. (प्रत्यक्षात नावे रोमन लिपीत होती, येथे सोयीसाठी देवनागरीत देतो.) ‘स्थिरांक.एच’ या शीर्षफाईलीत गुरुत्वीय त्वरणाचे मूल्य होते. ‘गणित.सी’ या फाईलीत आवर्तकालाचे सूत्र होते. ‘छपाई.सी’ उत्तर पडद्यावर दाखवीत असे आणि ‘मुख्य.सी’ या सर्वांना कामाला लावीत असे. स्थिरांकाची गरज फक्त गणित आणि छपाई या दोन फाईलींना होती.

एक मीटर लांबीच्या लोलकाचा आवर्तकाल आज्ञावलीने २.०७ सेकंद दिला. प्रयोगात मात्र तो २.०१ सेकंद येत होता. वीस आंदोलनांना आज्ञावलीच्या हिशेबाने साडेएक्केचाळीस सेकंद लागायला हवे होते, आणि घड्याळ चाळीस सेकंदांच्या आसपास थांबत होते. सुमारे दीड सेकंदाचा हा फरक हाताच्या चुकीने पडणारा नव्हे. विद्यार्थ्यांनी स्टॉपवॉच बदलले, दोऱ्याची लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत पुन्हा मोजली, कंपविस्तार कमी करून पाहिला. दोन तासिका गेल्या, पण फरक तसाच राहिला.

अखेर मी कागदावर गणित केले. त्वरण ९.८१ धरले तर उत्तर २.००६ सेकंद येते. मग २.०७ आले कोठून? अंकांची अदलाबदल करून त्वरण ९.१८ धरा, आवर्तकाल बरोबर २.०७ येतो! ‘सर, ती चूक आम्ही पहिल्याच दिवशी दुरुस्त केली,’ मुले म्हणाली. खरोखरच शीर्षफाईलीत ९.८१ होते. पडद्यावर उत्तराच्या वरही ९.८१ असेच छापून येत होते. आणि तरीही उत्तर ९.१८ चेच होते.

घडले होते ते असे. सी भाषेतील प्रत्येक फाईलीचे कंपायलर यंत्रभाषेत भाषांतर करतो आणि ते वेगळ्या फाईलीत ठेवतो. ‘गणित.सी’ पासून ‘गणित.ओ’ तयार होते, ‘छपाई.सी’ पासून ‘छपाई.ओ’. मग ही सर्व भाषांतरे जोडून चालू शकणारी आज्ञावली बनते. शीर्षफाईल दुरुस्त केल्यावर मुलांनी फक्त ‘छपाई.सी’ चे भाषांतर पुन्हा केले आणि सगळे जोडून टाकले. ‘गणित.ओ’ जुनेच राहिले. त्याच्या पोटात ९.१८ तसेच होते. थोडक्यात, भाजणी नवी, पण ताटात चकल्या मात्र कालच्या!

मूळ फाईल कितीही वेळा वाचली तरी ही चूक सापडत नाही, कारण मूळ फाईलीत ती नसतेच. उत्तर विश्वासाने छापून येते, आणि माणूस संशय घेतो तो घड्याळावर.

१९७६ मधील एक त्रस्त सकाळ

अशी फजिती होणारे आमचे विद्यार्थी पहिले नव्हते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेल प्रयोगशाळा आहे. युनिक्स ही संगणकप्रणाली तेथेच जन्मली. १९७६ साली तेथील स्टीव्ह जॉन्सन हे नामवंत संगणकतज्ज्ञ चिडून आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. त्यांची सारी सकाळ एका बरोबर असलेल्या आज्ञावलीतील चूक शोधण्यात गेली होती. चूक सुधारलेली होती, फक्त त्या फाईलीचे भाषांतर पुन्हा करायचे राहून गेले होते. फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी जवळजवळ तोच अनुभव आला होता.

फेल्डमन यांनी त्यावर उपाय म्हणून एक आज्ञावली लिहिली. तिचे नाव ‘मेक’. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती सर्वत्र पोहोचली. या कामासाठी २००३ साली एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने फेल्डमन यांना सॉफ्टवेअर प्रणालींसाठी दिला जाणारा आपला पुरस्कार दिला. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याची बांधणी आजही मेकनेच होते.

मेक कसे चालते?

मेकला एक यादी द्यावी लागते. तिला मेकफाईल म्हणतात. आमच्या लोलकासाठी ती साधारण अशी होईल :

लोलक : मुख्य.ओ गणित.ओ छपाई.ओ
(येथे जोडणीचा आदेश)

गणित.ओ : गणित.सी स्थिरांक.एच
(येथे भाषांतराचा आदेश)

छपाई.ओ : छपाई.सी स्थिरांक.एच
(येथे भाषांतराचा आदेश)

मुख्य.ओ : मुख्य.सी
(येथे भाषांतराचा आदेश)

विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांच्या डावीकडे साध्य, उजवीकडे साधने आणि खालच्या ओळीत कृती. पाककृतीच्या पुस्तकापेक्षा हे वेगळे नाही. कागदावर प्रत्येक साधनापासून साध्याकडे बाण काढले की एक जाळे तयार होते. या जाळ्यात बाणांच्या दिशेने फिरत फिरत पुन्हा निघालेल्या जागी येता कामा नये. ‘बीसाठी झाड हवे आणि झाडासाठी बी हवे’ असे लिहिले तर सुरुवात कोठून करायची? असे चक्र आढळले की मेक तशी सूचना देते.

मेक शेवटच्या साध्यापासून मागे मागे जाते. प्रत्येक साध्याला ते एकच प्रश्न विचारते : तुझ्या साधनांपैकी एखादे तुझ्यापेक्षा नवे आहे काय? प्रत्येक फाईलीवर ती शेवटची केव्हा बदलली याचा शिक्का संगणक मारून ठेवीत असतो. साधनावरचा शिक्का साध्यावरच्या शिक्क्यानंतरचा असेल तर साध्य शिळे झाले असे समजून मेक ते नव्याने करते. आमच्या मुलांनी मेक वापरले असते, तर स्थिरांक बदलताच ‘गणित.ओ’ आणि ‘छपाई.ओ’ ही दोन्ही नव्याने तयार झाली असती, ‘मुख्य.ओ’ तसेच राहिले असते, आणि शेवटी एकदा जोडणी झाली असती.

‘सगळे नेहमी नव्यानेच करावे, म्हणजे प्रश्नच मिटला!’ असे कोणी म्हणेल. चार फाईलींना ते चालेल. पण चाळीस फाईली घ्या. प्रत्येकीच्या भाषांतराला १० सेकंद आणि जोडणीला ५ सेकंद लागतात असे समजा. सगळे नव्याने करायला ४०५ सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटे लागतील. एकच फाईल बदलली असेल तर नेमक्या कामाला १५ सेकंद पुरतील. दिवसात तीस वेळा दुरुस्ती केली, तर पहिल्या पद्धतीने ३ तास २२ मिनिटांहून अधिक वेळ जाईल आणि दुसऱ्या पद्धतीने साडेसात मिनिटे!

शिक्का की ठसा?

येथवर सारे सोपे आहे. आता खरी गोम पाहू. मेकचा सारा भरवसा वेळेच्या शिक्क्यावर आहे, आणि भौतिकशास्त्राचा विद्यार्थी घड्याळावर आंधळा विश्वास ठेवीत नाही.

समजा, तुम्ही आज ‘गणित.सी’ मध्ये बदल केला, बांधणी केली आणि बदल फसला. म्हणून पेनड्राईव्हवर जपून ठेवलेली कालची प्रत तिच्या जुन्या शिक्क्यासह परत आणली. आता ‘गणित.सी’ वर कालचा शिक्का आहे आणि ‘गणित.ओ’ वर आजचा. मेकच्या दृष्टीने साधन जुने, साध्य नवे. म्हणजे सर्व ठीक! ते काहीच करणार नाही. आणि तुमच्या आज्ञावलीत फसलेला बदल तसाच राहील. दोन संगणकांवर काम करताना एकाचे घड्याळ मागे असेल, तरी असाच घोटाळा होतो. मेकफाईलीत एखादे साधन लिहायचे राहून गेले, तर मेकला त्याचा पत्ताच नसतो. आणि मेकफाईलीतील कृतीच बदलली, पण फाईली बदलल्या नाहीत, तरी साधे मेक जुनेच साध्य चालवून घेते.

यावर दुसरा उपाय असा की, वेळ पाहण्याऐवजी मजकूरच पाहायचा. प्रत्येक फाईलीच्या मजकुरावर एक ठरावीक गणिती क्रिया करून एक संख्या काढायची. ‘शा-२५६’ नावाच्या पद्धतीत ही संख्या २५६ द्विमान अंकांची असते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी संख्या पूर्ण बदलते. तिला फाईलीच्या बोटाचा ठसा म्हणू या. गेल्या वेळी बांधणी करताना घेतलेला ठसा आणि आजचा ठसा जुळला नाही, तर फाईल बदलली. मग तिच्यावरचा शिक्का काहीही म्हणो. ‘स्कॉन्स’ आणि ‘बेझल’ ही साधने या मार्गाने जातात.

ठशाचा आणखी एक लाभ आहे. ‘गणित.सी’ मधील टिपणात शुद्धलेखनाची एखादी चूक तुम्ही सुधारली, तर भाषांतर पुन्हा करावे लागेल. पण तयार होणारे ‘गणित.ओ’ बहुधा आधीसारखेच निघेल. ठसा जुळल्यामुळे पुढची जोडणी करण्याचे कारण उरत नाही. शिक्का पाहणारे मेक मात्र जोडणी करीलच. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. ठसा काढायला सारी फाईल वाचावी लागते, शिक्का पाहायला क्षणही लागत नाही.

चार चुली आणि लपलेले अवलंबन

आजच्या संगणकात एकाच वेळी अनेक कामे करू शकणारे चार, आठ किंवा अधिक गाभे असतात. स्वयंपाकघरात चार चुली असाव्यात तसे हे आहे. वरच्या चाळीस फाईली चार गाभ्यांना वाटून दिल्या तर १० फेऱ्यांचे १०० सेकंद आणि जोडणीचे ५, असे १०५ सेकंद लागतील. आठ गाभ्यांना ५५ सेकंद पुरतील. गाभे चाळीस केले तर १५ सेकंद. आणि ऐंशी केले तर? तरीही १५ सेकंदच! एका फाईलीचे भाषांतर आणि त्यानंतरची जोडणी ही साखळी तोडता येत नाही. चुली कितीही वाढवा, भाजणी दळून आल्याशिवाय चकली तळता येत नाही.

येथे एक धोका लपलेला आहे. एखादे अवलंबन यादीत लिहायचे राहून गेले, तरी एका चुलीवर कामे योगायोगाने योग्य क्रमाने होऊन जातात. चार चुली पेटवल्या की क्रम बदलतो आणि बांधणी कधी यशस्वी होते, कधी कोसळते. तेव्हा दोष चुलींचा नसतो, यादीचा असतो. म्हणूनच बेझलसारखी साधने प्रत्येक काम बंद खोलीत करून घेऊ शकतात. यादीत लिहिलेल्या फाईलींखेरीज तेथे काही दिसतच नाही. अवलंबन विसरले असेल तर काम पहिल्याच दिवशी अडते, आणि चूक पहिल्या दिवशी सापडणे कधीही चांगले.

मग निवड कशी करावी?

आता निवडीच्या प्रश्नाकडे वळू. कोणते साधन नवे आहे किंवा कोणाच्या तोंडी आहे यावरून निवड करू नये. आपल्या कामाला पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : भाषा कोणती? येथे ‘देश तसा वेश’ हे धोरण उत्तम. जावा भाषेसाठी २००० साली ‘अँट’ आले, पुढे ‘मेव्हन’ आणि ‘ग्रेडल’ आले. रस्ट भाषेबरोबर ‘कार्गो’ येते आणि गो भाषेची बांधणीची सोय तिच्यातच असते. त्या भाषेचे लोक जे वापरतात तेच वापरले तर मदत मिळते आणि इतरांनी लिहिलेले भाग सहज जोडता येतात.

दुसरा प्रश्न : आज्ञावली कोठे कोठे चालायला हवी? विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर सी किंवा सी प्लस प्लस भाषेतील आज्ञावली बांधायची असेल, तर ‘सीमेक’ सोयीचे. ते २००० साली वैद्यकीय प्रतिमांवरील एका प्रकल्पाच्या निमित्ताने पुढे आले. सीमेक स्वतः बांधणी करीत नाही. ज्या संगणकावर आहे त्याला रुचेल अशी मेकफाईल किंवा तत्सम यादी लिहून देते.

तिसरा प्रश्न : काम केवढे? क्रोम ब्राउझरच्या प्रकल्पात ३०,००० हून अधिक फाईली झाल्या, तेव्हा एक फाईल बदलल्यावर काय करायचे हे ठरवण्यातच इतर साधनांचे सुमारे दहा सेकंद जाऊ लागले. म्हणून इव्हान मार्टिन यांनी ‘निन्जा’ हे चपळ साधन लिहिले. ते एका सेकंदाच्या आत कामाला लागे. गूगलने आपल्या प्रचंड कामासाठी घडवलेले साधन २०१५ साली बेझल या नावाने सर्वांना खुले केले. पण पाच फाईलींच्या शालेय प्रकल्पाला बेझल वापरणे म्हणजे मुंगी मारायला मुसळ आणणे होय.

चौथा प्रश्न : शिळे-ताजे कसे ओळखले जाते? शिक्क्यावरून की ठशावरून? आणि अवलंबने कोण लिहितो? हाताने लिहिलेली यादी कधीतरी चुकतेच. बहुतेक सी कंपायलर कोणत्या शीर्षफाईली वाचल्या याची यादी स्वतःच लिहून देऊ शकतात. त्या सोयीचा फायदा घेणारे साधन बरे.

पाचवा प्रश्न : आपण गेल्यावर पुढे हे कोण चालवणार? या प्रश्नाचे महत्त्व सांगणारी एक गंमतीदार हकिगत मेकच्याच इतिहासात आहे. मेकफाईलीत कृतीची ओळ टॅब या कळीनेच सुरू करावी लागते. टॅबऐवजी आठ मोकळ्या जागा सोडल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मेक अडून बसते. ही अडचण फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आली होती. पण तोवर मेक वापरणारी डझनभर माणसे झाली होती आणि बहुतेक मित्रच होते. त्यांच्या मेकफाईली बिघडू नयेत म्हणून त्यांनी नियम बदलला नाही. त्या डझनभर मित्रांची सोय झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांतील असंख्य विद्यार्थी त्या टॅबला अडखळत राहिले! बांधणीचे साधन एकदा निवडले की ते घराच्या पायासारखे अंगवळणी पडते. म्हणून बदल करायचा तर लवकर करावा.

करून पाहा

कोणतेही साधन निवडा, पण त्याच्यावर विश्वास टाकण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्या. त्यासाठी चार फाईलींची छोटी आज्ञावली पुरे.

१) बांधणी करा आणि काहीही न बदलता लगेच पुन्हा बांधणी करा. दुसऱ्या वेळी साधनाने काहीच करता कामा नये.

२) शीर्षफाईलीतील एक संख्या बदला. तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व फाईलींचे भाषांतर पुन्हा झाले पाहिजे, आणि फक्त त्यांचेच.

३) एखाद्या फाईलीची जुनी प्रत तिच्या जुन्या शिक्क्यासह परत आणा. साधनाला बदल कळतो का ते पाहा. कळत नसेल, तर अशा वेळी सारी भाषांतरे पुसून नव्याने बांधणी करायची, हे वहीत लिहून ठेवा.

४) मूळ फाईली दुसऱ्या संगणकावर नेऊन तेथे बांधणी करा. तेथे अडले, तर यादीत काहीतरी लिहायचे राहिले आहे.

संगणक जवळ नसला तरी हरकत नाही. घरातील फराळाचे, विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीचे किंवा प्रयोगवहीतील निरीक्षणे, आलेख आणि निष्कर्ष यांचे बाणांचे जाळे कागदावर काढा. मग त्यातील एक निरीक्षण चुकले असे समजा आणि नव्याने करायच्या गोष्टींवर खूण करा. आलेख सुधारून निष्कर्ष जुनाच ठेवणारे विद्यार्थी मी दर वर्षी पाहतो. ती चूक आणि ‘गणित.ओ’ मधील ९.१८ ही चूक मुळात एकच आहे.

आमच्या त्या गटाने पुढे सात ओळींची मेकफाईल लिहिली आणि उत्तर २.०१ सेकंद आले. स्टॉपवॉच पहिल्यापासून बरोबरच होते.